अक्का, काल

बंगळूरच्या मल्लेश्वरममधील आमच्या घरमालकांनी वरच्या खोलीतील चित्रकाराला, ‘दिवस मावळायच्या आत खोली सोडा,’ असे तोंडी फर्मावले, तेव्हा मी खाली दाढी करीत होतो. भाडेकरूला तोंडी हुकमाने रस्त्यावर काढता येत नाही, एवढा कायदा मी पुण्याहून येताना सोबत आणला होता. अर्धी दाढी तशीच ठेवून मी जिना चढलो. पन्नासच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. आजही ती आठवली की माझा संताप आणि हसू एकदमच उसळते.

चित्रकार पोटासाठी कॅलेंडरांवरचे देव रंगवीत असे. स्वतःसाठी मात्र तो पेन्सिलीने माणसे काढी: भाजीवालीची वाकलेली पाठ, बसची वाट पाहणाऱ्याचे खांदे, निजलेल्या हमालाचा तळहात. ही चित्रे तो कुणालाही दाखवीत नसे. त्या सकाळी वाऱ्याने एक कागद अंगणात उडवला आणि तो नेमका घरमालकांच्या हाती पडला. त्यावर गुडघ्यापर्यंत उघडा, सैल सोडलेला एका स्त्रीचा पाय होता. खाली देवनागरीत लिहिले होते: ‘अक्का, काल’.

अक्का म्हणजे घरमालकांच्या पत्नी.

“काल,” घरमालक कागद फडकावीत म्हणाले. “काल कुठं? आणि कशी?”

चित्रकार आता माझा अशील होता, पण त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतका धीर मला नव्हता. काल अक्का दिवसभर आनेकलला भावाकडे होत्या. त्यांना बसमध्ये मीच बसवून दिले होते. मी तेथेच ट्रंकेवर बसून लेखी उत्तर रचले: ‘सदर दिवशी सदर पाय आनेकल मुक्कामी असल्याकारणाने तो येथे चितारला जाणे सर्वथा अशक्य आहे.’

घरमालक विचारात पडले. “तेही खरंच.”

खटला आम्ही जिंकला होता. एवढ्यात चित्रकार घरमालकांकडे पाहून खाकरला. “काल नव्हे हो, अण्णा. कालु. उकार पुसलाय.”

छाया देताना अंगठ्याने शिसे घासायची त्याला सवय होती. चित्रकला तो एका कन्नड गुरूंकडे शिकला, त्यामुळे हात म्हणजे कै, पाठ म्हणजे बेन्नु आणि पाय म्हणजे कालु, असे सारे शरीर त्याच्या डोक्यात कन्नडमध्येच होते. लिही मात्र तो देवनागरीत. लिपी मराठी, म्हणून शब्दही मराठी, असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते.

म्हणजे पाय अक्कांचाच होता आणि त्याला दिवसच नव्हता. माझा बचाव मुळासकट उपटला गेला.

“गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला?” मी अशिलावर ओरडलो.

गलबला ऐकून अक्का वर आल्या. त्यांनी कागद उजेडात धरला. “पायरीवर तांदूळ निवडत होते, तेव्हाचा दिसतोय. अंगठा स्वल्प जाड झालाय.”

“आहे तसाच काढलाय, अक्का.”

“कशाला हवा होता?”

“लक्ष्मीला. यंदाच्या.”

यंदाच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी खाली देवघराशेजारी टांगलेली होती. अक्कांनी नवऱ्याकडे पाहिले. “म्हणजे रोज आंघोळ करून तुम्ही डोकं टेकता ते...” पुढचे त्यांना बोलता येईना. पदर तोंडात कोंबून त्या माझ्याशेजारी ट्रंकेवरच बसल्या.

घरमालकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आवाज खाली आणून ते विचारते झाले, “विष्णूला कुणाचे लावलेत?”

“अजून मिळाले नाहीत, अण्णा.”

दुपारी घरमालक धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन खिडकीशी खुर्चीत बसले होते. “हलू नका,” चित्रकाराने बजावले. इतका स्थिर प्रतिपक्ष मला पुढे आयुष्यात कधी लाभला नाही. मी समोर उभा राहून माझे उत्तर, निरुपयोगी झालेल्या ‘सदर पाया’सकट, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. तोंडी हुकमाविषयीचा परिच्छेद दोनदा वाचला. त्यांना फक्त डोळे वटारता येत होते. शेवटी, खोली सोडण्याचा हुकूम मागे घेतला आहे, असे लिहिलेला कागद मी त्यांच्यापुढे धरला.

“माझं काम सध्या पायाचं आहे,” मान वर न करता चित्रकार म्हणाला. “हात हलला तरी चालेल, अण्णा.”

पायाचे बोटही न हलवता घरमालकांनी सही केली.