बाबांची लाकूड फोडायची मशीन

आमच्या घरी सरपण कधी विकत आणलं नाही. विकत आणायची ऐपत नव्हती, आणि गरजही पडत नव्हती. कापूस वेचून संपला की शेतात वाळकी झाडं उभी राहतात, त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. ती उपटून शेत मोकळं करून द्यायचं आणि मजुरी म्हणून तीच पऱ्हाटी घरी न्यायची, असा गावाचा रिवाज होता. माय आणि बाबा उन्हं चढायच्या आत उपटायला लागायचे. हाताला फोड यायचे, ते फुटायचे, त्यावर तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंगणात माणसाच्या उंचीचा ढीग लागला की माय म्हणायची, "झालं, औंदाच्या चुलीची सोय झाली." एरवी बाबा बाभुळगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचे. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कधी भाव नाही, कधी पाऊस नाही, दोन्ही असले तर बोंडअळी. लोक सोयाबीनकडे वळले, जिनिंगला कुलूप लागलं, बाबांचं काम गेलं. याबद्दल पेपरात बरंच छापून आलं. पण पऱ्हाटी संपली हे कोणी छापलं नाही. सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, भाकर भाजत नाही. त्या वर्षी बाबांनी कुऱ्हाड हातात घेतली.

बाबांना जाऊन आता सात आठवडे झाले. मी शाळेत लिपिक आहे. हजेरीपट समोर होता आणि मायचा फोन आला. "ये," म्हणाली. एवढंच. तिचा आवाज ऐकूनच कळलं.

कुऱ्हाडीची वर्षं मला चांगली आठवतात, कारण तीच माझी कॉलेजची वर्षं. बाबा कोणाच्या तरी धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, आडवी झालेली बाभूळ मागून आणायचे, तिचे ओंडके करायचे आणि रोज सकाळी लागेल तेवढं फोडून मायपुढे टाकायचे. त्या चुलीवरची भाकर डब्यात घेऊन मी यवतमाळची एसटी धरायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते, कोणाला तो तोरा वाटला तर वाटो. बाबांना बी.ए. म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. पण मी पास झाले त्या दिवशी त्यांनी ओंडके फोडता फोडता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मी बाभुळगावला राहायला आले. घरी गॅसही आला, पण तो चहापुरता. भाकर, वरण, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवरच. आणि एका हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय चालू लागला, उजवा हात मात्र लोंबकळत राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. "पोट्ट्यायचा खेळ हाय हा," म्हणून बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. लाकडं माय फोडायला लागली. बाबा ओट्यावर बसून तिचा प्रत्येक घाव पाहायचे. त्या नुसत्या पाहण्याचा मला फार थकवा यायचा. एका रविवारी मी गेले तर माय पाणी भरायला गेलेली, आणि बाबा डाव्या हातानं कुऱ्हाड उगारून उभे. घाव ओंडक्यावरून घसरला आणि पावलाच्या चार बोटं पलीकडे मातीत घुसला. मी ओरडले नाही. कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हटलं, "बाबा, आपण मशीन घेऊ."

"लाकडाले मशीन?" बाबा हसले. "आता चावून द्यायचीबी मशीन आण."

पण यवतमाळला यायला तयार झाले. निघताना एका पोत्यात बाभळीचा गाठीचा ओंडका घातला. कंडक्टरनं विचारलं, "काका, पोत्यात काय हाय?"

"लाकूड."

"यवतमाळात लाकूड नाई भेटत का?"

"भेटते. पण हे माह्या घरचं हाय."

दुकान पंप आणि फवारणी यंत्रांचं. दोन प्रकारच्या मशीनी होत्या. एकीत स्क्रूसारखा टोकदार दांडा गरगर फिरत राहायचा, लाकूड हातानं त्यावर रेटायचं. दुसरी आडवी, संथ. तिच्यात ओंडका ठेवायचा, एका हातानं बटन दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं दांडी खाली धरायची, मग पुढचा ठोकळा ओंडक्याला पात्यावर रेटतो. दोन्हींतला एक हात जरी सुटला तरी ठोकळा थांबतो. दुकानातल्या माणसानं सागवानाचा तुकडा लावून फाडून दाखवला. बाबा म्हणाले, "सागवान तं दातानंबी फुटते, बाप्पा. हे लावा." आणि पोतं उलटं केलं.

फिरत्या दांड्यानं गाठीत टोक खुपसलं आणि ओंडकाच गरकन फिरला. दुकानदार उडी मारून मागे सरला. बाबा मला हळूच म्हणाले, "हे मशीन नाई, मारकुटा बैल हाय." मग आडव्या मशीनी. पाच टन जोरवाली कण्हली आणि अडकली. सात टनवालीनं वेळ घेतला, पण गाठ कडकड करत उघडली. घरच्या सिंगल फेजवर चालेल, फक्त मीटरपासून वेगळी जाड वायर टाका, असं दुकानदारानं सांगितलं. मला वाटलं, झालं काम.

"काका, तुम्ही चालवून पाहा."

बाबांनी डाव्या हातानं बटन दाबलं. उजवा हात दांडीवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी हात अख्ख्या खांद्यानं ढकलला, तरी दांडी अर्ध्यातच राहिली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, ती पंपांकडे पाहू लागली. दुकानदार माणूस चांगला, आवाज खाली आणून म्हणाला, "काका, दांडीले सायकलची ट्यूब बांधून टाका. सगळे तेच करतात. मग एका हाताचं काम."

मी थकले होते. शाळा, माझं घर, मायचं घर, दर रविवारची एसटी... खरं लिहायचं तर मीच म्हटलं, "बांधू ना, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बनवणाऱ्यानं दोन हात काहून लावले? एक हात मोकळा राह्यला का तोच आत जाते. जिनिंगमंदी म्या पाह्यलं हाय." मग दुकानदाराला म्हणाले, "हेच द्या. ट्यूब नका देऊ."

"पण काका, चालवणार कशी?"

"चालवीन ना. आजच थोडी चालवायची हाय?"

मशीन मागच्या छपरीत बसवली. रविवारी जाऊन मी आठवड्याचं सरपण फोडून ठेवायची. बाबा बाजूला उभे राहून चुका काढायचे. "बी.ए. झाली न् ओंडका उलटा ठेवते." आमच्या गावची वीज दिवसाचे कितीतरी तास जायची. तेवढ्या वेळात बाबा बंद मशीनपुढे स्टुलावर बसायचे आणि उजव्या हातानं दांडी ओढायचे. घसरला हात की उचलून पुन्हा वर ठेवायचे. वीज आली की उठायचे. माय वैतागायची.

"बंद मशीनशी झटून राह्यला, येडा झाला का काय हा माणूस?"

"तुह्यासंग झटल्यापेक्षा बरं. हे उलटून बोलत नाई."

पावसाळा असाच गेला. दांडी पाव खाली, मग अर्धी. मधे एकदा ताप आला आणि हात पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्या रविवारी ते स्टुलावर बसलेच नाहीत, आणि मीही समजूत घातली नाही. मला स्वतःलाच वाटत नव्हतं की हा हात आता उठेल. मी लाकडं फोडली, चहा घेतला, एसटी धरली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेले तर छपरीत फोडलेल्या लाकडांची थप्पी लागलेली. मी मायकडे पाहिलं. तिनं भाकर थापता थापता हात झटकले. "माह्याकडं नको पाहू. म्या बोट लावलं नाई." बाबा ओट्यावर पान लावत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही?" "काहून, दिसून नाई राह्यलं?" म्हणाले, आणि चुन्याची डबी उजव्या हातानं बंद करायला लागले. डबीला मात्र बराच वेळ लागला.

आता रविवारी पुन्हा मीच फोडते. दांडीवरचा लाल रंग एका ठिकाणी पार उडालाय, खाली पांढरं लोखंड दिसतं. मी हात तिथेच ठेवते. माय चुलीपाशी बसून मशीनचा आवाज ऐकते, आवाज थांबला की विचारते, "झालं का?" पूर्वी बाबांनाही असंच विचारायची. मी हो म्हणते, आणि फोडलेली लाकडं तिच्यापुढे नेऊन टाकते.

लकव्यानंतर बाबा साडेचार वर्षं जगले. त्यातली साडेतीन वर्षांहून जास्त घरचं सगळं सरपण त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी फोडलं.