खोलीतला दुसरा आवाज

दूरशिक्षणाच्या पदवी वर्गाला मी समाजशास्त्र शिकवते. रविवारी सकाळी ऑनलाइन तास असतो आणि परीक्षा आली की घरूनच कॅमेऱ्यावर पर्यवेक्षण. गजबजलेल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावल्या तरी हॉर्न आत येतात, म्हणून परीक्षेच्या दिवशी मी हेडफोन घट्ट लावून बसते. त्यामुळेच त्या सकाळी तो आवाज मला ऐकू आला.

"ब. ब कर." पुरुषाचा, दबका.

बहुपर्यायी पेपर सुरू होता, स्क्रीनवर वीसेक चौकटी होत्या. कुणाचा माइक बोलतोय ते पाहिलं. शहराबाहेर झेंडू आणि गुलाबाची शेती करणाऱ्या घरातली ती सून, गावच्या अंगणवाडीत सेविका. पदवी मिळाली की अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. याच विषयात ती आधी एकदा नापास झाली होती. तासाला तिचा कॅमेरा कायम बंद असायचा, पण सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारायची.

नियम साधा होता. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा ऐकू आलं की पेपर थांबवायचा आणि अहवाल पाठवायचा. तरी माझा हात माउसवर नुसताच राहिला. शेजारचा टीव्ही असेल, मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात परत आवाज आला, "पुढचं ड. घाई कर."

बाकीच्या विद्यार्थ्यांना ऐकू जाणार नाही असं मी फक्त तिच्या लॅपटॉपवर बोलले. "ताई, खोलीत कोणी आहे का?"

ती स्क्रीनकडे बघत नव्हती. लॅपटॉपच्या वर, थोडं डावीकडे बघत होती. पेपर सुरू झाला तेव्हा खांद्यावर असलेला पदर आता तिनं डोक्यावरून घेतला होता. घरातलं कुणी वडीलधारं समोर उभं होतं.

"ताई, मला उत्तर हवंय."

"अहो मॅडम," तोच आवाज, आता मोठ्यानं, "नेट अडकत होतं, म्हणून थांबलोय. चालू द्या तुमचं."

मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नेट चालू हाय, मॅडम. भाऊजी उत्तरं सांगतेत. दोन मी त्यांची लिवली. ती पुसायची कशी, तेवढं सांगा."

तिचे मोठे दीर काहीतरी पुटपुटले.

"पेपर बंद होईल का माझा?" तिनं विचारलं.

"होईल," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

"बरं."

आणि तिची चौकट काळी झाली. पेपर मी थांबवला नव्हता. तिकडून कुणीतरी लॅपटॉप मिटला होता.

मला उठता येईना. बाकीच्या चौकटींत माणसं पेपर सोडवत होती, त्यांच्याकडे बघणं माझं काम होतं. मी एका हातानं तिला फोन लावत राहिले. फोन बंद. तिथं काय चाललं असेल याचे नको ते विचार मनात यायला लागले. एवढं खरं बोलायला तिला आपणच भाग पाडलं आणि आपण इथं सुखरूप बसलोय, हे सहन होईना.

पेपर संपल्यावर मुलीची स्कूटर घेऊन मी तिच्या गावाकडे निघाले. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात झेंडूचा ढीग होता, तिची सासू आणि ती फुलं निवडत बसल्या होत्या. तिचे डोळे सुजलेले होते. नवरा दाराशी उभा होता. दीर खुर्चीवर. माझा आवाज ऐकल्यावर त्यांनी मला लगेच ओळखलं.

"वर्ष बुडवलं तिचं. आता बघायला आलात?"

"पेपर रद्द होईल," मी म्हणाले. "पण तिनं स्वतःहून सांगितलं, हेही मी अहवालात लिहिणार आहे."

"सगळे असंच करतेत. लोक पेपरला दुसरंच माणूस बसवतेत, ते नाय दिसत तुम्हाला?" ते उठून उभे राहिले. "घरात कुणी हिला शिकू देत नव्हतं, तेव्हा फॉर्म मी भरला. लॅपटॉप माझा. परत नापास झाली असती तर लोक मला हसले असते!"

हा माणूस खोटं बोलत नव्हता, हेच अवघड होतं.

"भाऊजी," ती फुलांवरून नजर न काढता म्हणाली, "तुमच्यामुळंच शिकते मी. लय उपकार हायेत. पण तुम्ही उत्तर सांगितलं का मला माझं येत असलेलं पण आठवत नाय. मला एकटीला बसू द्या."

सासूनं निवडलेली फुलं टोपलीत ओतली. मग नवरा म्हणाला, "पुढच्या टायमाला घरी नको, मी हिला अभ्यासकेंद्रावर नेऊन सोडतो." दीर चपला घालून मळ्याकडे निघून गेले.

परीक्षा समितीनं तो पेपर रद्द केला, पण पुढच्या सत्रात बसायला परवानगी दिली. मी अभ्यासकेंद्राच्या मागे लागले. ज्यांना घरी दार लावून बसता येत नाही, त्यांच्यासाठी एक खोली आणि चार संगणक द्या. आधी नकार आला. नंतर जुनी सामानाची खोली रिकामी करून मिळाली. आता परीक्षेआधीच्या तासाला मी कॉपीबद्दल बोलते, पण आधी विचारते, पेपरच्या वेळी तुमच्या घरात कोण कोण असतं? तास संपल्यावर बायका एकेक करून खाजगी मेसेज करतात.

पुढच्या सत्राला ती त्या खोलीत बसली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, काठावर पास झाले."

"भाऊजी काय म्हणाले?"

"बोलत नायत अजून," ती म्हणाली. मागे अंगणवाडीतली पोरं ओरडत होती. "पण आज लॅपटॉप माझ्या खोलीत आणून ठेवलाय."