काचमावशीच्या नळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे काचमावशी म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथल्या नळ्या नि बश्या धूत होती. एक साबणाचं पाणी, सहा साधी, शेवटचं शुद्ध. नळीच्या आत पाण्याचा पडदा अख्खा पसरला पाहिजे, थेंब थेंब धरले तर मेली अजून घाणच, हा तिचा कायदा.

त्या सकाळी अळ्यांवर काम करणारी पोरगी बशी मिरवत धावत आली.

"अगं मावशी, बघ तरी! मेले सगळे!"

बशीभर जंतूंची पांढरट साय धरली होती. मधोमध, अळीचा रस टाकला होता तिथे, शर्टाच्या बटणाएवढं लख्ख वर्तुळ, तिथे एकही जंतू नाही.

"उकिरड्यात लोळते, पण ही अळी सडत नाही. अंगात बारकी प्रथिनं बनवते. पेप्टाइडं! जंतूच्या सालीला भोकंच पाडतात ती!"

मागून आलेल्या प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी तिच्या हातातली बशी घेऊन उजेडाला धरली. "साबण," ते म्हणाले. "रस काढलेल्या नळीत साबण राहिला की जंतू असेच मरतात. सोमवारपासून प्लास्टिकच्या नळ्या आणू. वापरा नि फेका. धुणंच बंद."

पोरीचा चेहरा पडला. धुणं बंद म्हणजे मावशीही बंद, हे तिघांनाही कळलं.

"सर, एकोणीस वर्षांत माझ्या नळीत साबण सापडला कधी?"

"शोधला कुणी?"

"मग शोधा की आता!" मावशीने पदर खोचला नि पोरीकडे वळली. "तू अळीला टोचतेस ना आधी?"

"हो, जंतूंत बुडवलेल्या सुईने. जंतू आत घुसले की मगच ती पेप्टाइडं बनवायला घेते."

"आणि न टोचलेली?"

"तिच्यात जवळपास नसतातच."

"मग तिचाही रस टाक. तिसऱ्या नळीत नुसतं पाणी खळबळव, तेही टाक. नळ्या एकाच टबातल्या. साबण असला तर तिन्हीकडे वर्तुळ पडेल!"

पोरीने कपाळावर हात मारला. "हे मला सुचायला हवं होतं गं!"

"नळ्या मी निवडणार," सर म्हणाले.

"डोळे झाकून निवडा."

संध्याकाळी घरी सगळं ऐकून मावशीचा सुतार नवरा हसला. "आणि नळी हरली तर?"

"तर तुझ्या रंध्याला धार लावत बसेन. पण हरायची नाही!"

रात्रभर बशी ठेवलेली ऊबपेटी सकाळी उघडली तेव्हा पोरीने डोळे घट्ट मिटले होते. "तूच बघ, मावशी."

पाण्याच्या जागी साय अख्खी. न टोचलेल्या अळीच्या जागीही अख्खी. आणि टोचलेल्या अळीच्या जागी लख्ख वर्तुळ!

"पडलं गं!" मावशी अशी ओरडली की शिपाई धावत आला. पोरीने तिला गरकन फिरवलं.

"काचेने इतक्यांदा कापलीस ना बोटं? क्वचितच पिकली असतील. आपल्या कातडीतही असतात अशी पेप्टाइडं."

"म्हणजे मीही अळीच?"

"थोडीशी!"

सरांनी चष्मा पुसून बशी तीनदा पाहिली. "सोमवारी शंभर नळ्या लागतील," ते हळूच म्हणाले. "काचेच्या."

"देते की. पण तुमच्या चहाच्या कपाची हमी नाही हो सर, तो तुम्ही धुता!"