दुखण्याआधीची गोळी

आमचे आण्णा सोलापुरात एका गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चालताना त्यांच्या छातीत धरायला लागलं, डावा हात जड पडायला लागला, आणि महिनाभर त्यांनी ते घरात कुणाला कळू दिलं नाही. एकदा गिरणीच्या वाटेवर ते मटकन खाली बसले, तेव्हा आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले. मी तेव्हा अध्यापन विद्यालयात शिकत होते, आणि घरात मला सोडून कुणालाच काही कळत नाही अशी माझी ठाम समजूत होती.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. हृदयाला रक्त कमी पडतंय, ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, दर आठ तासांनी एक घ्यायची, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"दुखलं की घेतो," आण्णा म्हणाले.

"नाही. ही दुखू नये म्हणून घ्यायची. दुखायच्या आधी."

"दुखत न्हाय तर गोळी कशाला?"

डॉक्टर हसले नाहीत. "माग बंद पडल्यावर तेल घालता का तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं. जॉबर माणसाला ते पटलं. पहिले काही दिवस डोकं दुखेल, म्हणून गोळी सोडायची नाही, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. ते खरंच दुखलं. आण्णा डोक्याला पंचा आवळून बसायचे आणि डॉक्टरांना, औषधाला आणि मला आळीपाळीनं शिव्या द्यायचे. आठवड्याभरात डोकं दुखायचं थांबलं, शिव्याही थांबल्या.

दर आठ तासांनी म्हणजे कधी, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. घड्याळ नव्हतं. सगळी गल्ली भोंग्यावर चालायची. गिरणीत तीन पाळ्या, प्रत्येक पाळीच्या आधी भोंगा. "आठ तासच झाले की," आई म्हणाली आणि तिनं काम सुरू केलं. सकाळचा भोंगा झाला की ती गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आण्णांपुढे उभी. दुपारची गोळी त्यांच्या रुमालाच्या टोकाला गाठ मारून. रात्रीचा भोंगा झाला की पुन्हा तांब्या. आण्णा सुधारले. गिरणीपर्यंत न थांबता चालायला लागले. आईनं देवापुढे नारळ फोडला.

पण मधूनच छातीत धरायचं. डॉक्टरांनी काळजीनं सांगितलं, "दोन-तीन महिने पाहू. एवढं करूनही कळ येत असेल तर गिरणीचं काम सोडावं लागेल." काम सोडायचं म्हणजे मंगळवेढ्याला आण्णांच्या चुलत्यांच्या दारात जाऊन बसायचं. आण्णांनी तिथून अठराव्या वर्षी निघताना पुन्हा हात पसरायला येणार नाही असं सांगितलं होतं.  मला त्यांच्याकडे बघवेना.

मी कॅलेंडर काढलं. कळ आली की त्या तारखेवर फुली मारायची, असं ठरवलं. चार फुल्या झाल्या आणि मी चमकले. चारही गुरुवार! गुरुवारी गिरणीला सुट्टी. म्हणजे दोष घरातल्याच कशाचा तरी. पहिल्यांदा मी सुट्टीचं मटण बंद केलं. पुढच्या गुरुवारी वरणभात खाऊनही बाजारातून पिशवी आणताना आण्णा वाटेत थांबले. मग माझी नजर अक्कांवर गेली.

अक्का म्हणजे शेजारच्या तेलुगू बाई. आमचा ओटा सामायिक होता. त्या दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. गुरुवारी आण्णाही दिवसभर ओट्यावर असायचे. तंबाखूची ती धूळ त्यांच्या नाकात जाते, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही, कुणाशी बोलले नाही, सरळ जाऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या तंबाखूनं आमच्या आण्णांचा जीव जाईल. आत बसत जा."

अक्कांनी मांडीवरचं सूप उचललं. त्या आत गेल्या. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. सोलापूरचा एप्रिल होता. आई मला म्हणाली, "जिभेला हाड हाय का तुझ्या?" मी ऐकून घेतलं नाही. शिकलेली होते ना!

पुढच्या गुरुवारी मी दारात कॅलेंडर घेऊन बसले होते. आई अक्कांच्या उंबऱ्याशी उभी राहून, माझ्या वतीनं असावं, काहीतरी गोड बोलत होती. आतून अक्कांचा वैतागलेला आवाज आला.

"काय सांगू बाई, दर गुरुवारी माझं असंच होतं की! भोंगा वाजत न्हाई, पानं भिजवायचं ध्यान राहत न्हाई. कडक पानाची विडी वळते का? आज बी बसले मी तशीच."

विडीचं पान आधी भिजवलं नाही तर वळताना फाटतं. ते अक्का पहिल्या भोंग्याला भिजत घालायच्या, हे मला माहीत होतं. मी हातातल्या फुल्यांकडे पाहिलं. आई वळली. तिनं पदर तोंडाला लावला. आम्ही दोघी एकदमच फळीवरच्या गोळ्यांच्या डब्याकडे धावलो. भोंगा नाही, म्हणून सकाळची गोळी डब्यातच होती. प्रत्येक गुरुवारी ती डब्यातच राहिली होती, दुपारची आणि रात्रीचीही. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "तू दिली न्हाईस, मला वाटलं सुट्टीला गोळीला बी सुट्टी."

पुढच्याच आठवड्यात घरात गजराचं घड्याळ आलं. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आण्णा बाजारात जाऊन भरली पिशवी घेऊन न थांबता परत आले. डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "आठ तास कसे मोजता, हे मी विचारलंच नाही." एवढ्या मोठ्या माणसानं ते सहज कबूल केलं, आणि मी तीन आठवडे अक्कांच्या दारावरून मान खाली घालून जात होते. गिरणी सोडायचा विषय तिथंच संपला.

घरी आल्यावर मी अक्कांच्या खोलीत गेले. त्या घामानं निथळत होत्या.  मी त्यांच्या मांडीवरचं सूप उचललं, बाहेर आणलं आणि ओट्यावर त्यांच्या जागी ठेवलं. त्या मागोमाग आल्या.

"मी फार वाईट बोलले, अक्का."

"बाप तुझा की गं. घाबरली होतीस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी बी माझ्या बापासाठी भांडले असते. त्याला गोळी मिळाली न्हाई."

आण्णा ओट्यावर बसले होते. ते उठले आणि सावलीतली आपली जागा त्यांनी अक्कांना दिली.

मी आत गेले, पोटभर रडले, आणि मग चौघांचा चहा टाकला.