धाकट्या जावेचे वाल

रेवसच्या अलीकडे आमची भातशेती. वाटणीत धाकट्या जावेला विहिरीजवळचं रान मिळालं, मला वरचं मुरमाड. भात कापून झालं की दोघी वाल पेरायचो, एकाच मडक्यातलं बियाणं. तिच्या वालांना पाणी मिळायचं, माझे जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर जगायचे. तिचा दाणा टपोरा, माझा बारका. पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या वालांचं बिरडं कर." रात्रभर भिजवून, मोड आणून, एकेक दाणा मी सोलायचा आणि नाव व्हायचं तिच्या वालांचं! वाढताना मी हसायची आणि आतून जळायची.

एका वर्षी शेतकी कॉलेजातली मुलगी आली. एकच बियाणं वेगळ्या रानात पेरलं तर दाण्यातलं सत्त्व बदलतं का, हे तिला तपासायचं होतं. जाऊ माहेरी होती, म्हणून दोघींचे वाल मीच भरून दिले. तिच्या टपोऱ्या वालांच्या पिशवीवर मी माझं नाव लिहिलं, माझ्या बारक्यांवर तिचं.

काही आठवड्यांनी ती मुलगी कागद घेऊन ओटीवर येऊन बसली. जावेला म्हणाली, "काकू, तुमच्या वालांत प्रथिनं जास्त निघाली, लोहही. पाणी मिळालं की दाणा भरतो, पण त्यात पीठच जास्त. तुमचं रान कोरडं असणार, म्हणून दाणा बारका पण कसदार."

"माझं रान कोरडं?" जाऊ गोंधळली. "माझं तर इहिरीला लागून हाय."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. सासूबाईही.

"पिशव्यांची अदलाबदल झाली," मी म्हटलं.

"चुकून?" मुलीनं विचारलं.

"न्हाय. मीच केली."

मुलीनं मान खाली घालून नावं खोडली, पुन्हा लिहिली. कसदार वाल माझेच होते, पण कुणी शाबास म्हटलं नाही. जाऊ एवढंच म्हणाली, "ताई, मागितले असते तर पोतंभर दिले असते." ते मला जास्त लागलं. चांगुलपणातही ती माझ्या पुढेच.

पुढच्या हंगामात तिनं वालाच्या दोन ओळींचं पाणी तोडलं. मी वरच्या बांधावरून रोज पाहायची. त्या ओळींचे दाणे कसे निघाले, ते तिनं मला सांगितलं नाही. विचारायला माझीही जीभ रेटली नाही.