चोवीस ओळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट ठाऊक नाही. जिला सांगायला हवं होतं ती आता नाही, एवढंच.

तिचं नाव रूथ. माणसं मूळची नगरकडची, पण ती वाढली दिल्लीत. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, शाळा पहाडगंजची, मराठी. मी पुण्याहून नोकरीसाठी गुडगावला आले तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या काचेच्या इमारतीमागे अजून मोहरीची शेतं होती. ऑफिसात मराठी बोलणारी ती एकटीच. "डबा नाही आणलास? चलो, माझ्यातला खा" — माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली ते हे.

आम्ही परदेशातल्या एका हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. वॉर्डातल्या नर्सला स्क्रीनवर यादी दिसायची — कोणत्या पेशंटला कोणतं औषध, किती वाजता. यादी लांब असली तर तिची पानं पाडायची. त्यासाठी प्रोग्रॅमला आधी कळायला हवं की स्क्रीनवरच्या खिडकीत ओळी मावतात किती. सोपं वाटतं ना? पण त्या हॉस्पिटलात पाच तऱ्हेचे कॉम्प्युटर होते, आणि प्रत्येकाला ही गोष्ट वेगळ्या पद्धतीने विचारावी लागायची. कोणी सरळ आकडा द्यायचा, कोणाला प्रश्नच कळायचा नाही. पाचवा तर भलताच. त्याच्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून काम करायला गेलं की तो उत्तर द्यायचा — शून्य. शून्य ओळी.

हा सगळा भाग रूथने लिहिला होता. शून्य आलं तर यादी दाखवायचीच नाही. आधी नर्सलाच विचारायचं, तुमच्या खिडकीत किती ओळी दिसतात? "अंदाज नाही करायचा गं," ती म्हणायची. "माहीत नाही तर माहीत नाही म्हणायचं."

मग तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. ती दोन दिवस रजेवर गेली आणि पाचव्या कॉम्प्युटरची तपासणी माझ्याकडे आली. दुपारी साहेब काम बघायला येणार होते. दर वेळी तो प्रश्न समोर यायचा — ओळी किती? साहेबांनी विचारलं असतं की हे काय मध्येच, तर मला धड समजावून सांगता आलं नसतं. खरं कारण एवढंच. मला अडाणी दिसायचं नव्हतं.

मी तो प्रश्न काढून टाकला. त्या जागी एक आकडा लिहिला. चोवीस. जुन्या स्क्रीनवर चोवीसच ओळी असायच्या, सगळे तेच धरून चालायचे. यादी झटकन दिसली. साहेब म्हणाले, "बढ़िया."

रूथ परत आली की सांगू, असं ठरवलं. ती आली. आईजवळ जागून तिचे डोळे सुजले होते. उद्या सांगू म्हटलं. मग काम पाठवूनही दिलं. फाईलच्या माथ्यावर तिचं नाव होतं — ते तसंच राहिलं.

चार महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. एका वॉर्डात, त्या पाचव्या कॉम्प्युटरवर, नर्सने खिडकी लहान करून ठेवली होती. मावत होत्या वीस ओळी. प्रोग्रॅम धरून चालला होता चोवीस. प्रत्येक पानाच्या शेवटच्या चार ओळी स्क्रीनवर येतच नव्हत्या. त्या चारांत एका म्हाताऱ्या बाईंचं नाव होतं. त्यांचं इन्शुलिन दीड दिवस चुकलं. बेशुद्ध सापडल्या.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. फाईल उघडली. "किसने लिखा है ये?"

मी रूथच्या शेजारी बसले होते. ती पुढे वाकली, आपलं नाव वाचलं, तो चोवीसचा आकडा वाचला. मग म्हणाली, "मेरा ही होगा, सर. उन दिनों मम्मी अस्पताल में थीं... मुझे याद नहीं."

आणि माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत — "मी असं कसं लिहिलं गं?"

इथे मी बोलायला हवं होतं ना? मी बोलले. मी म्हटलं, "होतं असं. तू फार दमली होतीस."

गप्प बसणं वेगळं. मी तिला कारणही पुरवलं.

त्या बाई वाचल्या, तसं पत्र आलं. तोवर रूथने राजीनामा दिला होता. चुका निस्तरायला हॉस्पिटलात ती जाणार होती. तिच्या जागी मी गेले. पुढे माझं सगळं छानच झालं. तिने पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. एका लहानशा शाळेत गणित शिकवत राहिली.

बऱ्याच वर्षांनी ती भेटली, दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कॅंटीनमध्ये. केस पिकले होते. चहा घेता घेता तिने माझा हात धरला. "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना किती ऐकून घ्यावं लागलं. तुझी माफी मागायची राहूनच गेली होती."

मी काय केलं असेल?

मी तिला माफ केलं. "जाऊ दे गं, मी कधीच मनात ठेवलं नाही," असं म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ती मला थँक यू म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात रूथ गेली. चर्चमधल्या प्रार्थनेला मी गुरुग्रामहून कॅब करून गेले. तिचा भाऊ दारात भेटला. "ताई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या हातून एका बाईचा जीव जाता जाता राहिला. रोज त्या बाईसाठी प्रार्थना करायची. तुम्ही दोन शब्द बोला ना, तुम्ही तिच्यासोबत काम केलंय."

मी उठले. पुढे गेले. समोर तिच्या शाळेतल्या बाया होत्या, भाऊ होता. मी म्हटलं, रूथ फार काळजीपूर्वक काम करायची.

लोकांनी माना डोलावल्या. मी परत जागेवर येऊन बसले.