डाव्या स्टिअरिंगची गाडी

परवा भर वैशाखात अवकाळी पाऊस झाला आणि मला भातकुलीचा रस्ता आठवला. नव्वदी ओलांडलेली आजी ट्रकच्या गोष्टी सांगायला लागली की नातवंडं हसतात. हसू देत... ट्रक मी चालवलाय आणि दुरुस्तही केलाय.

तेव्हा आम्ही अमरावतीत राहायचो. सीपी अँड बेरारचे दिवस. महायुद्ध संपलेलं आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघायच्या. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. त्यांनी हौसेने एक अमेरिकन ट्रक घेतला आणि बैल जुंपून ओढत घरी आणला. ट्रक कसला, नुसता सांगाडा.

बोनेटखाली उंदरांचं बाळंतपण झालेलं, टाकीत गंज आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. रविवार उजाडला की आम्ही दोघं मागच्या अंगणात. प्लग घासणं, नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुणं, ग्रीस भरणं ही खाती माझी. इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा मॅट्रिक पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

रेशनच्या पेट्रोलवर ह्यांनी मला शाळेच्या मैदानात चालवायलाही शिकवलं. गावात चर्चा झालीच... होऊ दिली.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र गाडी डोळ्यांसमोर नको होती. ते भिक्षुकी करायचे. माणसं मारायला निघालेलं वाहन देवाब्राह्मणाच्या घरात कशाला, हा त्यांचा मुद्दा. वर, "त्या गाडीचं सगळंच डावं," हे पालुपद. शेवटी त्यांनीच अकोल्याच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी येऊन गाडी तोडायला नेणार होता.

तो येण्याच्या आदल्याच दिवशी मामंजींना भातकुलीला एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न लावायचं होतं. मुहूर्त गोरजाचा. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मामंजींना न्यायला बैलांची दमणी येणार होती, तिच्याऐवजी नुसता गडीच आला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला.

"महाराज, दमनी फसली. बैलं सोडून पायी आलो. आता कसं करता?"

मामंजी ओसरीवर मटकन बसले. दुसऱ्याच्या मुलीचा मुहूर्त आपल्यापायी टळणार, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. हे तडक मागच्या अंगणात गेले आणि गाडीला हँडल मारायला लागले. घाईत इंजिनने उलटा झटका दिला... मनगट टम्म सुजलं.

"तू चालव," हे मला म्हणाले.

मामंजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. पंचांगाची पिशवी काखेत मारली आणि उजव्या बाजूने चढून माझ्याशेजारी बसले. गड्याने हँडल मारलं. हे आणि तो मागे उभे.

रस्त्यावर गाडी काढायची माझी ही पहिलीच वेळ. दमणी फसली होती तिथे आमचीही मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मामंजींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

मी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. त्याचा सांधा मीच घासून ग्रीस लावलेला होता, धोका देणार नाही हे माहीत होतं. ब्रेकला पाय लावला नाही, घाई केली नाही... आणि ती निघाली हो! जिथे बैल हरले, त्या काळ्या मातीतून आमची गाडी निघाली.

मांडवात नवरीचा बाप धावतच आला.

"काहो महाराज, येवढ्या गाऱ्या-चिखलातून आले कायनं?"

"घरची गाडी आहे," मामंजी म्हणाले. "सूनबाई चालवते."

घरची गाडी... मी तिकडे तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. लग्न वेळेवर लागलं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे अकोल्याचा भंगारवाला आला. मामंजींनी त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा कारण विचारायला लागला, तर धर्मनिर्णय सांगावा तशा सुरात म्हणाले,

"या गाडीत नवरा चालवायला बसला तर बायको उजवीकडे येते, धर्मकार्यात बसते तशी. आणि बायकोने चालवली तर ती डावीकडे, म्हणजे वामांगी. दोन्ही शास्त्राला धरूनच आहे."

भंगारवाल्याला काय कळलं देव जाणे. ह्यांना मात्र नीट कळलं.

मनगट पंधरवड्यात बरं झालं. पण हे पुढे जन्मभर उजवीकडेच बसले.